मदत हवी आहे: .२२३ साठी १:८ ट्विस्टची नळी घ्यावी की १:७?

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये असतो, .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची बोल्ट-ॲक्शन (दर वेळी हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल वापरतो. नळीचा ट्विस्ट १:१२, म्हणजे १२ इंचांत गोळीचा एक फेरा. ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी १०० यार्डांवर सुरेख लागते, पण ६०० यार्डांवर वारा तिला फार ढकलतो. म्हणून ७७ ग्रेनकडे वळायचंय. या नळीतून मात्र ती आडवी होते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसते.

मुद्दा वजनापेक्षा लांबीचा आहे, हे वाचून कळलं. अखंड तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब, म्हणून तिला ट्विस्टही जलद (कमी इंचांत एक फेरा) लागतो. गोळीला किती ट्विस्ट लागेल याचा अंदाज देणाऱ्या ग्रीनहिलच्या सूत्राने (१५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी) माझ्या साधारण एक इंच लांब गोळीला साडेसात इंच येतात. नेमकं मधलं उत्तर!

एम१६ए२ या अमेरिकी लष्करी रायफलला १:७ दिला होता, पण तो लांब ट्रेसर (मार्ग दिसावा म्हणून जळत जाणाऱ्या) गोळीसाठी. मला अधूनमधून ५५ ग्रेनही मारायची आहे. थंडीत हवा दाट असताना १:८ मधून ७७ ग्रेन स्थिर राहते का? दोन्ही नळ्या वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.