पूलच्या टेस्टिंग किटसाठी घरी पेटी करतोय, सल्ला हवा

घोडबंदरचा_काका:
कासारवडवलीला सोसायटीच्या पूलचं पाणी तपासायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात मारलंय (रिटायर झालो, हाच गुन्हा). पीएचसाठी फिनॉल रेड, क्लोरीनसाठी ओटीओचे थेंब आणि डीपीडीच्या गोळ्या, स्ट्रिप्स, दोन कंपॅरेटर (पाण्याचा रंग तक्त्याशी जुळवायच्या डब्या), एक सिरिंज. हे सगळं आजवर पंप रूममध्ये, क्लोरीनच्या ड्रमवर, मिठाईच्या खोक्यात! जुलैत स्ट्रिप्सच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं, तर पाण्यात न बुडवताच रंग बदलले. घरी 12 मिमी प्लायचा तुकडा पडलाय. बाटल्यांपुरती भोकं पाडून पेटी करू का?

नेरूळचा_पूलवाला:
काका, पेटीचं नंतर बघा, आधी सामान पंप रूममधून बाहेर काढा. क्लोरीनच्या वाफेने रसायनं बाद होतात, बिजागऱ्याही गंजतात. प्लाय नको, सांडलेलं पितो आणि पावसाळ्यात फुगतो. रबर रिंगचा, क्लिप लागणारा प्लास्टिकचा डबा घ्या, आतलं दिसणार नाही असा, कारण उजेडानेही रसायनं खराब होतात. आत जुन्या योगा मॅटला खाचा पाडून बाटल्या उभ्या बसवा. टोपणांची अदलाबदल झाली की रीडिंग गेलंच, म्हणून बाटलीला आणि तिच्या टोपणाला एकाच रंगाच्या नेलपेंटचा ठिपका. उघडल्याची तारीखही लिहा.

खारघरकरीण:
ओटीओ आणि डीपीडी एका कप्प्यात ठेवू नका. ओटीओ एकूण क्लोरीन (मोकळं आणि घाणीशी जोडलं गेलेलं मिळून) दाखवतं, मोकळं क्लोरीन डीपीडी 1 च्या गोळीने कळतं. आमच्याकडे हाताला येईल ते वापरायचे आणि वहीत नुसतं ‘क्लोरीन 2’ लिहायचे. कुठलं, ते देवाला ठाऊक. कंपॅरेटर धुऊन, सुकवूनच आत ठेवा, ओला ठेवलात तर डबाभर दमट. आणि कुलूप लावाच, ओटीओ पोरांच्या हाती लागायला नको.

घोडबंदरचा_काका:
झाली एकदाची! जांभळी नाक्यावरून निळा डबा आणला, मॅट सुनेची (विचारून घेतली, बरं का). झाकणाला आतून पांढरा कागद चिकटवलाय. कंपॅरेटर त्याच्यासमोर धरला की रंग नीट जुळवता येतो. त्यावरच लिहिलंय: पीएच 7.2 ते 7.8, मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम. फ्रिजमध्ये ठेवतो म्हटलं, तर बायकोने नुसतं बघितलं. सध्या पुस्तकांच्या कपाटात खालचा कप्पा मिळालाय.

एकच घोळ. सिरिंज दोन बोटं लांब निघाली, झाकण बसेना. मॅट तिरकी कापून तिला कोपऱ्यातून कोपऱ्यात आडवी घालतोय.