ऑक्टोबर हीट तोंडावर आली: पावसाळी सवयी कधी आणि कशा बदलता?

सोनचाफा (पुणे)

नमस्कार मंडळी. गणपती गेले, पितृपंधरवडा चालू आहे आणि मला आत्तापासूनच ऑक्टोबरची धास्ती बसली आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत घरात एकेक करून सगळे आडवे झाले. आधी मी. नवरात्रात साबुदाणा, दाण्याचा कूट, तळलेले बटाटे आणि दिवसाला सहा चहा. सातव्या माळेला छातीत अशी जळजळ की अख्खी रात्र उशी पाठीला लावून बसून काढली. मग नवऱ्याला डेंग्यू. तो उठतोय तोवर दिवाळीची साफसफाई आली, माळ्यावरची धूळ उडाली आणि लेकाचा (वय 9) दमा उसळला. फराळ त्या वर्षी विकतचाच.

यंदा सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यात. वय 76, बीपीच्या गोळीबरोबर लघवीची गोळीही चालू आहे. तहान लागली की पिईन म्हणतात, आणि तहान काही त्यांना लागत नाही.

पावसाळ्यापासून आमचं ठरलेलं आहे ते असं: सकाळी आलं-मिरं-गवती चहाचा काढा, प्यायला कोमट पाणी, चालायला संध्याकाळी साडेसहाला. हे कधी थांबवायचं? उपास सोडणार नाही, ते आधीच सांगते, पण तो जरा शहाण्यासारखा कसा करावा? आणि सासूबाईंच्या पोटात पाणी कसं घालावं? "आहारतज्ज्ञांना भेटा" हे मला माहीत आहे. तुमच्या घरात तुम्ही काय करता ते सांगा.

खडीसाखर

काढा आजच बंद कर गं. आलं आणि मिरं पावसाळी हवेला ठीक, आता तेच अंगावर येतं. आमचे आजोबा वैद्य होते. ते म्हणायचे, पावसाळ्यात पित्त साठतं आणि शरदाचं ऊन लागलं की उसळतं. "वैद्यानां शारदी माता" असं एक वचन आहे, म्हणजे शरद ऋतू ही वैद्यांची आईच, तीच त्यांना पोसते! आजोबा हसत सांगायचे आणि दवाखान्यातली गर्दी दाखवायचे.

आमच्याकडे घट बसायच्या आधीपासून धणे-जिरे रात्री पाण्यात भिजत घालतात, सकाळी गाळून ते पाणी. मूठभर काळ्या मनुका. जेवणात मूग, दुधी, पडवळ, वरून चमचाभर साजूक तूप. अष्टांगहृदयात शरदात टाळायच्या गोष्टींत दही, तेल, ऊन आणि दुपारची झोप ही सगळी नावं आहेत. दुपारची झोप सोडणं मला जमत नाही, बाकीचं पाळते.

ठाणेकर_खडूस

शरद म्हटलं की कवी लोकांना चांदणं दिसतं. आम्हाला घाम दिसतो.

मी बाइकवर फिरतीचं काम करतो, त्यामुळे या महिन्याशी माझं जुनं वैर आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. ढग गेले की ऊन थेट जमिनीवर, जमीन अजून ओली, हवेत दमटपणा आणि वारा पडलेला. सप्टेंबरात तिशीच्या आसपास असलेलं कमाल तापमान 33-34 वर जातं, एखाद्या दिवशी 36 सुद्धा. उन्हाळ्यात आपण सावध असतो, टोपी असते, पन्हं असतं. ऑक्टोबरात डोक्यात "पावसाळा संपला, आता थंडी" एवढंच असतं आणि पिशवीत अजून छत्रीच असते.

पित्तबित्त वैद्यांनी बघावं. मी दोनच गोष्टी करतो. टोपी आणि पाण्याची बाटली 1 ऑक्टोबरला बाहेर काढतो, आणि दुपारी लघवीचा रंग बघतो. गडद पिवळी दिसली की त्या दिवशी पाणी कमी पडलंय. लाज कसली त्यात.

खडीसाखर

खडूसदादा, रंग बघायला आजोबाही सांगायचे हो. :)

रत्नांग्री_हापूस

सोनचाफाताई, म्हातारं माणूस पाणी पीत नसेल तर पाणी जेवणात घाला. आमच्याकडे भातकापणीच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाला उकड्या तांदळाची पेज असते. मऊ शिजलेली शितं, वर निवळ, किंचित मीठ, बाजूला लोणच्याची फोड. माणूस दोन वाट्या पेज सहज पितो. तेवढंच पाणी ग्लासात द्या, अर्धं बेसिनमध्ये जाईल. माझी आजी पाण्याला "नको" म्हणायची आणि पेजेला "अजून थोडी वाढ" म्हणायची.

दुपारी सोलकढी. मिरची कमी घाला.

डॉक्टरकाका_सातारा

पेजेची कल्पना झकास. मीठ मात्र चिमटीभरच, बीपीचा पेशंट आहे. लोणच्याची फोड आजींना नको, ती तुम्ही खा.

आता जरा सविस्तर. लघवीच्या गोळीनं शरीरातलं मीठ आणि पाणी दोन्ही जातं. ऑक्टोबरात घामानंही तेच जातं. वयामुळे तहानेची जाणीव मंद झालेली असते. तिन्ही गोष्टी जुळून आल्या की पहाटे बाथरूमला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. ऑक्टोबरात असा एखादा तरी पेशंट माझ्याकडे येतोच. घरी मशिन असेल तर आठवड्यातून दोनदा बीपी आधी बसवून मोजा आणि मग उभं करून दोन-तीन मिनिटांत परत मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी मनानं बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा. आणि ओआरएस रोजच्या सरबतासारखं देऊ नका. त्यात मीठ असतं, ते जुलाब-उलट्यांसाठी आहे.

डेंग्यू: गेल्या वर्षी तुम्ही बघितलाच आहे, तरी लिहितो. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांतलं काही मेडिकलमधून मनानं आणायचं नाही, रक्तस्रावाची भीती असते. (हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा.) लोक चुकतात ते पुढेच. ताप उतरला की माणूस आंघोळ करून ऑफिसला जातो, पण ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यांतलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

मुलाचा दमा: रोजचा पंप डॉक्टरांनी सांगितला असेल तर बरं वाटतंय म्हणून सोडू नका. साफसफाईच्या दिवशी त्याला मित्राकडे पाठवा. माळा ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका.

माजघर

नाशिकहून. उपासाचं मी सांगते. नवरात्रात भगरीवर जरा लक्ष ठेवा. दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि भगर खाऊन गावंच्या गावं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या नवरात्रात आपण वाचतो. सुटी भगर घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख बघा. पीठ तयार आणू नका, लागेल तेवढंच घरी दळा. निवडून, धुऊन शिजवा आणि सकाळची भगर रात्री खाऊ नका.

साबुदाणा मी नऊ दिवसांत दोनदाच करते. बाकी राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, सुरण, केळं, ताक. कुटाची आमटी करते पण पातळ. चहा मात्र... त्यावर मी काही बोलत नाही, माझेही चार होतात.

ठाणेकर_खडूस

उपाशीपोटी सहा चहा आणि खापर साबुदाण्यावर. वा.

सोनचाफा

खडूसभाऊ, बरोबर आहे. वाईट वाटलं, पण बरोबर आहे.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरकराकडून एक भर. पाऊस संपता संपता गवत कमरेएवढं होतं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना ट्रेक, रानफुलं, शेतावरची पार्टी सुचते. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती, ती याच हंगामात. गवतातल्या अगदी बारीक किड्याची पिल्लं चावतात, दुखतही नाही. आठवड्या-दीड आठवड्यानं जोराचा ताप, डोकेदुखी. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली कधीकधी एक काळी खपली दिसते, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. माझ्या मेहुण्याला चार दिवस डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या चालल्या, सगळ्या निगेटिव्ह. पाचव्या दिवशी एका तरुण डॉक्टरनं शर्ट काढायला लावला आणि काखेतली खपली पाहिली. डॉक्सीसायक्लिन सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप गेला. ताप आला आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही गवतात बसला होतात, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.

डॉक्टरकाका_सातारा

+1. खपली सगळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून गवताचा उल्लेख जरूर करा. गवतातून आलात की कपडे धुवायला टाका आणि साबण लावून आंघोळ करा.

म्युनिकची_मावशी

तुमचं वाचून गंमत वाटते. आमच्याकडे आत्ता झाडं पिवळी पडायला लागलीत आणि मी स्वेटर शोधतेय. इथे त्रास उलटा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या आत काळोख. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरभर घरात पडून होते आणि मला वाटलं घरची आठवण येतेय. आता जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालते, ऊन असो नसो. फ्लूची लस ऑक्टोबरात घेते. आणि पुण्याच्या सवयीनं गरम पाण्यात हळद घालून पिते. त्यानं काय होतं ते विचारू नका.

कोथरूडचा_पंखा

चालण्याच्या वेळेबद्दल कोणीच बोललं नाही. पुण्यात ऑक्टोबरअखेर दुपारी 32 आणि पहाटे 17-18 असा खेळ असतो. रात्री अकराला पंखा पाचवर लावून झोपायचं आणि चारला मान आखडून उठायचं. मी पायाशी चादर ठेवतो आणि पंख्याला टायमर लावतो, दोन वाजता बंद. चालायला सकाळी साडेसहाला जातो, ऊन कोवळं असतं. पण डेंग्यूचा डास दिवसाचा, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त चावतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट. बागेतल्या बाकावर बसून गप्पा मारणाऱ्यांचे पाय डासांना आयतेच मिळतात. मीही त्यातलाच.

अजून एक: ऑक्टोबरचं ऊन फुकट घालवू नका. गाद्या, गोधड्या, उश्या दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका आणि नीट झटका. लेकाच्या दम्यालाही बरं. थंडीत एकदम बाहेर काढलेल्या गोधडीला जो कोंदट वास येतो तो येत नाही.

खडीसाखर

दह्याचं राहिलं. ताक चालतं, दही नको. रात्री तर नकोच.

वऱ्हाडी_ठेचा

आम्ही बारा महिने रात्री दही खातो, ठणठणीत आहोत.

डॉक्टरकाका_सातारा

दह्यावरून या धाग्याचे दोनशे प्रतिसाद होतील. ज्याला सोसतं त्यानं खावं. सोनचाफाताई, तुम्हाला जळजळ होते, तुम्ही जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा, कोजागरीला रात्री बाराला दोन पेले आटीव दूध पिऊन लगेच आडव्या होऊ नका. एक पेला, आणि गच्चीत गप्पा. जळजळ आठवड्यातून दोनदा होत असेल तर मात्र दाखवून घ्या.

सोनचाफा

दोन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे आभार, हिशेब देते.

काढा बंद, त्या जागी धणे-जिऱ्याचं पाणी. चहा सहावरून तीनवर आला. पहिले दोन दिवस डोकं ठणकलं, मग गेलं. नऊ माळा झाल्या, एकही रात्र बसून काढली नाही. पेज सुपरहिट! सासूबाई मूळच्या घाटावरच्या, पहिल्या दिवशी "हे आजाऱ्याचं जेवण" म्हणाल्या, चौथ्या दिवशी साडेनऊला स्वयंपाकघरात येऊन उभ्या. डॉक्टरकाका, उभं करून बीपी मोजलं तर वरचा आकडा 24 नं उतरला. त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळी बदलून दिली. तुम्ही लिहिलं नसतंत तर आम्ही उभं करून कधी मोजलंच नसतं.

आणि डेंग्यू. गेल्या वर्षी महापालिकेचे लोक येऊन कुंड्या बघून गेले होते, कुंड्यांखालच्या ताटल्या मी तेव्हापासून दर रविवारी ओतून काथ्यानं घासते, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात असं ते सांगून गेले. घर स्वच्छ आहे म्हणून मी निर्धास्त होते. परवा मोबाइलचं चार्जर मागे पडलं म्हणून फ्रिज पुढे ओढला. मागे खाली एक काळा ट्रे असतो, फ्रिजचं वितळलेलं पाणी त्यात साठतं. टॉर्च मारला. पाणी स्वच्छ, आणि त्यात वळवळणाऱ्या बारीक काड्या. वीसेक तरी. लेकानं मोजल्या, मला बघवेना.

कोथरूडचा_पंखा

बाप रे. मी आत्ता उठून आमचा बघून आलो. कोरडा आहे, पण मेलेलं झुरळ आहे.

माजघर

ताई, ट्रे परत बसवताना वरची नळी बरोबर त्याच्यात सुटतेय ना ते बघा. आमची बाहेर राहिली होती, सकाळी स्वयंपाकघरात तळं.