नकार आला की नेमकं काय करता? (हातकामावर पोट असणाऱ्यांसाठी अनुभव धागा)

प्रदर्शनाने अर्ज नाकारला, दुकानाने माल परत पाठवला, ऑर्डर देणारा ऐनवेळी फिरला, स्टॉलवर कुणी नाक मुरडून गेलं, काहीही चालेल. फक्त 'सकारात्मक राहा' नको, ते घरचे रोज सांगतात.

मीच सुरुवात करते. मातीकाम करते, चाकावरचं. "यंदा दर्जेदार अर्ज फार मोठ्या संख्येने आले" या वाक्याने मेल सुरू झाली की पुढचं वाचायची गरजच नसते, तरी आपण शेवटपर्यंत वाचतो, न जाणो. त्या दिवशी मी ग्लेझिंगला (भांड्यावर काचेसारखा थर चढवण्याला) हात लावत नाही, भट्टी भरत नाही, फक्त माती मळते. तारेने कापायची, आत हवेचे बुडबुडे दिसतात का बघायचं, परत मळायची. डोकं ठिकाणावर नसलं तरी हे काम बिघडत नाही. आणि दोन-तीन दिवस नवीन डिझाइन अजिबात नाही, कारण तेव्हा जे सुचतं ते माझं नसतं, 'त्यांना काय आवडलं असतं' असलं काहीतरी असतं.

-----

चांदीचे दागिने करते. एकदा निवड समितीवर बसायला बोलावलं होतं आणि तिथून आल्यापासून नकाराचं माझं दुखणं निम्मं झालं, खरंच सांगते. नावं झाकलेली, एकेकाचे चार-पाच फोटो एकदम पडद्यावर, त्यात एक स्टॉलचा, काही सेकंद बघायचं, मार्क द्यायचे, पुढचा. दागिन्यांचा गठ्ठा सगळ्यात जाड असतो आणि स्टॉल तर मोजकेच, त्यामुळे वरचे थोडे सोडले की खाली सगळे अर्ध्या-पाव मार्कांनी एकमेकांना चिकटलेले. रेघ कुठेतरी मारावीच लागते. दुसऱ्या दिवशी तीच माणसं वेगळ्या मूडमध्ये बसली असती तर त्या रेघेच्या आजूबाजूची बरीच नावं बदलली असती असं माझं प्रामाणिक मत आहे. घरी येऊन मी माझे जुने फोटो काढले तर काय, कानातल्यांमागे सुकी फुलं, एक फोटो पिवळा, एक निळसर. सगळे परत काढले, साधा करडा कागद, एकच दिवा, पाचही फोटो एका घरातले वाटतील असे. पुढच्या वेळी तिथेच निवड झाली. कानातली तीच, झाळकामही (तुकडे वितळलेल्या धातूने जोडण्याचं कामही) तेच.

-----

वरच्या ताईंचं पटतंय पण सगळंच फोटोवर ढकलता येत नाही हो. मी मागावर स्टोल विणते. एका दुकानाने विकलं तर पैसे या बोलीवर माल ठेवला, सीझन संपल्यावर खोका परत. उघडला तर वरच्या तिन्ही स्टोलवर घडीच्या कडेने फिक्की रेघ, खिडकीत ठेवले होते म्हणजे! लोकांना आवडलं नाही हे मी पचवलं असतं, पण आता ते दुसरीकडेही विकता येईनात. फोन केला तर "आमच्याकडे आले तेव्हा असेच होते". तेव्हापासून माल देताना कागदावर लिहून घेते, किती महिने ठेवणार, माझा वाटा किती, खराब झालं तर भरपाई कोण देणार, शिवाय दोघांसमोर फोटो. सही करायला कां कूं करणाऱ्या दुकानाला मीच नाही म्हणते, आणि नाही म्हणायला मिळालं की काय बरं वाटतं म्हणून सांगू.

-----

भरतकाम. "हे तर मी घरी पण करेन" हे वाक्य स्टॉलवर न ऐकलेलं कुणी आहे का इथे? आधी वाद घालायचे. आता म्हणते जरूर करा, आणि कुठली सुई, किती पदरी दोरा, कापड फ्रेममध्ये किती ताणायचं ते सगळं सांगते. निम्म्या पळतात. काही खरंच शिकायला येतात 😄

-----

सुतारकाम. ऑर्डर देणारा माप घेऊन, लाकूड कापून झाल्यावर म्हणाला बायकोला डिझाइन नको आहे. आता लाकडाचे पूर्ण पैसे आधी, मग रंधा हातात. माझ्याकडे भावनांसाठी दुसरा उपाय नाही. आणि अशा वेळी कुणीतरी हमखास थोर माणसांची उदाहरणं देतं. जॉर्ज ओहर म्हणे, अमेरिकेतला कुंभार, वेडीवाकडी मुरडलेली भांडी करायचा, जिवंतपणी फारशी खपली नाहीत, 1918 मध्ये गेला, हजारो भांडी कुटुंबाकडे खोक्यांत पडून, 1970च्या आसपास एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने घेतली आणि मग नाव झालं. अरे पण त्याला काय मिळालं? हप्ता मला आत्ता भरायचाय.

-----

दादा, ओहर राहू दे, ल्यूसी री घ्या, तीही मातीची भांडी करायची, पण पोटापाण्याचं बघणारी होती. 1938 मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आली, तिकडे नाव कमावलेलं पण इथे तिला कोण ओळखणार. युद्धाच्या काळात चिनी मातीची बटणं करून तगली. त्या वेळचा तिथला सगळ्यात वजनदार कुंभार बर्नार्ड लीच, त्याला तिची भांडी फार पातळ वाटली. मग काही काळ तिने त्याच्यासारखं जाडजूड करूनही पाहिलं, ते तिला मानवलं नाही. हान्स कोपर तिच्याकडे कामाला आला, त्याने तिला तिचंच काम करायला लावलं. लीचशी मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. धागाकर्त्या ताई म्हणतात ना, 'त्यांना काय आवडलं असतं', तेच हे. मीही मातीवालीच, मंदीत दिव्यांच्या पणत्या आणि बटणं करते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

-----

मी नवीन आहे, काचकाम. नकार आल्यावर कारण विचारलं तर चालतं का? की आगाऊपणा दिसतो?

-----

(दागिनेवाली परत) विचार गं, पण लगेच नको, आठवडाभराने. "का नाकारलं" विचारलंस तर समोरचा बचाव करायला लागतो. मी दोन ओळी लिहिते, आभार, आणि माझा अर्ज फोटोंमुळे मागे पडला, कामामुळे, की या प्रकारात जागाच नव्हती, एवढंच कळवाल का. बरेच जण उत्तर देत नाहीत. जे देतात ते बहुतेक तीनपैकी एक शब्द लिहून पाठवतात. 'काम' आलं तर मात्र तो तुकडा काढून खिडकीपाशी नीट बघ, कडा घासल्यात का, जोड दिसतो का. आणि तरीही तुला तो चांगलाच वाटला तर पुढच्या अर्जात तोच परत घाल. मी घालते.