मित्राला दवाखान्यात नेलं तर आपणच अडकणार का?

वर एकाने लिहिलंय की जखमीला नेणाऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं, तेच नशेच्या ओव्हरडोसलाही लागू. तसं नाही हो. मोटार वाहन कायद्यातलं कलम 134अ, म्हणजे 2019 ची दुरुस्ती, फक्त रस्ते अपघातापुरतं आहे. नशेसाठी त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम 64अ. पण ते स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यासाठी, तेही सेवनाच्या कलम 27 पुरतं किंवा माल अल्प प्रमाणात असेल तर. उपचार अर्धवट सोडले की ते संरक्षण काढूनही घेता येतं. रात्री दोनला 108 लावणाऱ्या दोस्ताचा त्यात उल्लेखच नाही! अमेरिकेत न्यू मेक्सिकोने ओव्हरडोसला मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा 2007 मध्येच केला.

2024 ला कुपवाडात मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’ नावाच्या नशेचा, साठा सापडला, तेव्हापासून आमच्या सांगलीत ‘एमडी’ म्हटलं की डॉक्टर कुणाला आठवत नाही. तरी मिरजेला नेलंत तर काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. नालोक्सोन हे ओव्हरडोस उतरवणारं औषध अफूच्या जातीच्या नशेवरच चालतं, एमडीवर नाही. पोलिसांच्या धाकाने ‘जेवणातून काहीतरी झालं’ म्हणालात, तर तिथेच तासभर जातो.