कामगार आणि व्यापारी ट्रायलची वकिली: संभाजीनगरात सुरुवात कशी करावी?

गोदाकाठ_नांदेड
एलएलबीचं शेवटचं वर्ष आहे. मला ट्रायलच (साक्षी-पुरावे होतात ते कोर्टकाम) करायची आहे, त्यातही कामगारांच्या केसेस आणि व्यापारी दावे. संभाजीनगरला सिनियर शोधायलोय. दोन्ही कामं एकाच ऑफिसात शिकता येतात का? सुरुवातीला हाताखालून नेमकं काय जायला पाहिजे?

निशाणी_5
येतात. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहती आहेत म्हणून दोन्ही कामं आहेत. पण हात आधी लेबर कोर्टात बसवा, उलटतपासणी तिथं लवकर वाट्याला येते.

बडतर्फीची केस आली की आधी खातेनिहाय चौकशीची (बडतर्फीआधी मालकाने केलेल्या चौकशीची) फाईल मागा: चार्जशीट, नोटिशीची पोच, साक्षीदारांचे जबाब, रोज झालेल्या कामकाजावर कामगाराची सही, अहवाल. चौकशी रास्त झाली का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का, हे कोर्ट पहिल्यांदा ठरवतं. चौकशी टिकली नाही तरी मालकाला कोर्टात पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करता येतं, मात्र ती परवानगी कैफियतीतच (लेखी उत्तरातच) मागून ठेवावी लागते. हा परिच्छेद राहिला की पुढं फार जड जातं.

कामगाराकडून असाल तर 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रारीला 90 दिवस. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज सोबतच द्या. वर्षभरात 240 दिवस काम केल्याचं सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो आणि नुसत्या शपथपत्रावर भागत नाही. हजेरीपट, पगारपत्रक मालकाकडं असतं, म्हणून ते हजर करायला लावण्याचा अर्ज साक्षीच्या आधी टाका. मागचा पगार हवा असेल तर ‘या काळात दुसरीकडं कमाई नव्हती’ हे तक्रारीत आणि शपथपत्रात, दोन्हीकडं लिहा.

वाळूजकर
व्यापारी दाव्याचं सांगतो. वादाचं मूल्य 3 लाखांपासून पुढं असेल तर 2015 चा व्यापारी न्यायालयांचा कायदा लागतो. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर कलम 12अ ची मध्यस्थी आधी; ती न करता दावा लावला तर तो फेटाळला जातो. ताकीद अर्ज (तातडीच्या मनाईचा अर्ज) नावापुरता जोडून सुटका होत नाही. प्रतिवादीकडून असाल तर समन्स बजावल्यापासून 30 दिवस, फार तर 120. त्यानंतर कैफियतीचा हक्कच जातो, खर्च भरूनही मिळत नाही.

बिलाच्या दाव्यात खरा कागद डिलिव्हरी चलन. त्यावर गेटचा इनवर्ड शिक्का, घेणाऱ्याची सही आणि पर्चेस ऑर्डरचा नंबर बिलाशी जुळतो का, ते स्वतः बसून लावा. माल नाकारल्याचं पत्र कोणत्या तारखेचं आहे, यावर अर्धी उलटतपासणी उभी राहते. ईमेल, व्हॉट्सॲप असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं: एक भाग पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसह (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड). कागदाला निशाणी (कोर्टाचा पुरावा क्रमांक) पडली का, हे त्याच दिवशी रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) पाहा.

स्टायपेंडचं आधीच बोलून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनियरसाठी शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपयांची शिफारस केली आहे, सक्ती नाही.

गोदाकाठ_नांदेड
आभारी आहे, सर. श्रम संहिता (कामगार कायद्यांच्या जागी आलेले केंद्राचे नवे कायदे) आल्या, मग जुना कायदा शिकून उपयोग आहे का?

निशाणी_5
आहे. संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या, पण चौकशीची आणि पुराव्याची तत्त्वं तीच चालतात. मुदती मात्र नव्याने पाठ करा. समेट अधिकाऱ्याकडं (तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं) 45 दिवस थांबून न्यायाधिकरणाकडं थेट अर्ज करायला पूर्वी बडतर्फीपासून 3 वर्षं होती, आता 2 आहेत. पक्षकार समोर बसला की आधी ती तारीख विचारा, हकीकत नंतर ऐका.