कागदोपत्री बरे झालेले लोक

'क्वीअर' ही समलिंगी वगैरे लोकांना हिणवायची इंग्रजी शिवी होती, मग तेच लोक ती स्वतःहून का मिरवतात, हा प्रश्न रास्त आहे. पण अशी कोलांटउडी एकट्या याच शब्दाने मारलेली नाही. 'हेटरोसेक्शुअल'चंच, म्हणजे भिन्नलिंगी आकर्षण असलेल्यांसाठीच्या शब्दाचंच बघा ना. १९२३च्या मेरियम-वेबस्टर या अमेरिकी इंग्रजी कोशात त्याच्या भाववाचक रूपाचा अर्थ दिला होता, भिन्नलिंगी व्यक्तीबद्दलची विकृत लैंगिक वासना. होय, विकृत! १९३४च्या आवृत्तीत तेच 'नॉर्मल' झालं. म्हणजे ११ वर्षांत बहुसंख्य जनता औषध न घेता बरी झाली म्हणायची. 'होमोसेक्शुअल', म्हणजे समलिंगी, या शब्दाची वाट उलटी. १८६९मध्ये कर्टबेनी या लेखकाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या प्रशियाच्या (जर्मन राज्याच्या) कायद्याविरुद्ध लिहिताना तो छापला, त्यात हेटाळणी नव्हती. पुढे डॉक्टरांनी तो शब्दच आजाराचं नाव करून टाकला. 'क्वीअर' मात्र १९९०च्या सुमारास ज्यांना चिकटवला जायचा, त्यांनीच हिसकावून घेतला.