आफ्रिकेतला ख्रिस्ती धर्म आणि आपल्या शरणपूरची माणसं

गोदाकाठ
काल इथे कुणीतरी लिहिलं: "मिशनऱ्यांनी बायबल दिलं, जमीन घेतली, आफ्रिकन माणसाने नुसती मान डोलावली." पहिल्या दोन गोष्टींवर भांडत नाही. तिसरी मात्र डोक्यात गेली. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली मुलं मुंबईला उतरवत. त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशन वस्तीत वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 1875 च्या सुमारास त्यातल्या अनेकांना केनियात मोम्बासाजवळ, सोडवलेल्या गुलामांसाठी मिशनने वसवलेल्या फ्रेरटाउनला नेलं. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर ही त्यातलीच माणसं. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम जवळच्या रबाईच्या मिशन ठाण्यावर आसऱ्याला येत आणि तिथे राहून जात. 1888 मध्ये मालकांना भरपाई देऊन त्यांना मोकळं केलं, तेव्हा आकडा 1,400 च्या आसपास निघाला. याला मान डोलावणं म्हणतात?

अर्धा कोयता
फ्रेरटाउनचं कौतुक करायचं तर पूर्ण सांगा. सुटका झालेल्या माणसांना तिथेच खोड्यात अडकवलं, फटके मारले. 1881 मध्ये ब्रिटिश वाइस कॉन्सलला चौकशी करावी लागली. तुमचे जोन्स आणि सेमलर 1885 पर्यंत साधे डीकनसुद्धा (पाद्रीपदाची पहिली पायरी) नव्हते. काम त्यांचं, अधिकार गोऱ्यांचा.
आणि 1929 चं काय? केनियात मिशनने किकुयू जमातीच्या लोकांना सांगितलं, मुलींची सुंता सोडतो असं लिहून अंगठा द्या, नाहीतर चर्चमधून बाहेर. शिक्षकांनाही तेच. गंमत बघू नका, शब्द बघा: बायबलच्या किकुयू भाषांतरात कुमारी मरियेला 'मुइरितु' म्हटलेलं. त्या भाषेत मुइरितु म्हणजे सुंता होऊन वयात आलेली मुलगी. लोकांनी विचारलं, मरिया चालते तर आमच्या मुली का नाही? मिशनकडे उत्तर नव्हतं.

सुईण नव्हे
उत्तर होतं, आणि ते डॉक्टरांकडे होतं. सुंतेचा व्रण आकसून कडक होतो, बाळंतपणात ताणत नाही, फाटतो. बाळ अडतं, रक्तस्राव थांबत नाही. मिशनच्या दवाखान्यात हे रोज दिसत होतं. पद्धत चुकली, अंगठ्याची सक्ती चुकली, हे मान्य. कारण चुकलं नव्हतं.

गोदाकाठ
सक्तीविरुद्ध जे बाहेर पडले त्यांनी बायबल फेकून दिलं का? नाही. स्वतःच्या शाळा काढल्या आणि 1935 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आर्चबिशप अलेक्झांडर यांना बोलावून स्वतःचे पाद्री तयार करून घेतले. श्रद्धा ठेवली, मिशन सोडलं.
आणि नाशिकचा जेकब वेनराइट? आफ्रिकेत वारलेल्या स्कॉटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचा मृतदेह किनाऱ्यावर आणणाऱ्यांतला?

अर्धा कोयता
आला लिव्हिंगस्टन. गोऱ्याचं ओझं वाहणं ही श्रद्धेची कमाई?

गोदाकाठ
ओझं? 1873 च्या मे महिन्यात, लिव्हिंगस्टन वारला त्या चितांबो मुखियाच्या गावात, त्याच्या नोकरांनी काय केलं ते वाचा. त्यांच्यातल्या फरिजालाने मढ्याचं पोट उघडून आतले अवयव आणि काळीज काढलं. ते पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडावर नाव कोरलं. धडात मीठ भरलं, 14 दिवस उन्हात सुकवलं, रोज कूस बदलून. गाठोडं लहान व्हावं म्हणून पाय गुडघ्यात दुमडले. मग कापड, झाडाची साल, वरून शिवलेलं शिडाचं कापड. वाटेत इंग्रज प्रवासी कॅमेरॉन भेटला, म्हणाला इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. पुढे गाववाले मढं नेऊ देईनात, तेव्हा ज्वारीच्या ताटांचं खोटं मढं बांधून माघारी पाठवलं आणि खरं कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून नेलं. चितांबोच्या गावात आज्ञा द्यायला कुणी गोरा नव्हता. निर्णय त्यांचा.

जुनं पान
तपशील बरोबर, निष्कर्ष कच्चा. त्या तांड्याचा म्होरक्या सुसी तेव्हा ख्रिस्ती नव्हताच, मुसलमान होता. बाप्तिस्मा 1886 मध्ये. त्याचा साथीदार चुमाचा मात्र मुंबईतच झाला होता, मिशनरी डॉ. विल्सन यांच्या हातून. तेव्हा या कामाचं सगळं श्रेय शरणपूरच्या शिकवणुकीला देता येत नाही. मीठ लावून मढं टिकवण्याची युक्ती फरिजालाकडे होती, कारण तो झांझिबारला एका सर्जनकडे नोकर होता.

गोदाकाठ
सुसीचं मान्य, ते माझ्याकडून सुटलं. पण प्रार्थना वेनराइटने म्हटली, आणि ती तो शरणपूरला शिकला होता. हे तर खोडता येणार नाही?

अर्धा कोयता
ते नाही खोडत. पुढचं बघा. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं. खांदेकऱ्यांत वेनराइट होता, कारण मिशनने त्याचं बोटीचं भाडं भरलं. सुसी आणि चुमाला झांझिबारला पगार देऊन मोकळं केलं होतं. लिव्हिंगस्टनच्या एका मित्राने स्वतःच्या पैशाने त्यांना इंग्लंडला आणलं तेव्हा दफन उरकलं होतं.